वाचकांचे प्रश्न : बॉनेट उंच, इंजिन बुटकं

प्रश्न : आरसीवर १९६२ सालची महिंद्रा सीजे-३बी जीप घेतली आहे. बॉनेट उघडलं तर इंजिनाला वाल्ववरचं झाकण, म्हणजे रॉकर कव्हरच नाही, चारही प्लग हेडवर सरळ उभे. गिअरबॉक्स नव्हता म्हणून भंगारातून तीन गिअरचा एक आणला. मिस्त्री म्हणतात, ‘जीपचाच आहे, बसून जाईल.’ बसेल का? पुढे गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवायची आहे.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बसेलही, पण आधी इंजिनाचं बघू. ३बीचं बॉनेट उंच ठेवावं लागलं ते हरिकेन इंजिनामुळे. त्यात इनटेक वाल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणून वर रॉकर कव्हर येतं. कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो आणि प्लग बाजूला तिरके असतात. तुमचं वर्णन त्याच्या आधीच्या चपट्या हेडच्या इंजिनाचं आहे, म्हणजे एल-१३४ चं. लष्करी जीपमध्ये हेच असायचं. कधीतरी कुणीतरी ते बदलून टाकलेलं दिसतं.

खात्री मापानं करा, पण क्षमता मोजून फारसं कळणार नाही. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४ ३/८ इंच आणि क्षमता २१९९ सीसीच. बोअर घासून मोठा (ओव्हरसाइझ) केलेला असू शकतो, स्ट्रोक तेवढाच राहतो. तो मोजायला हेड उतरवा. प्लगच्या भोकातून तार घालून मोजू नका, चपट्या हेडमध्ये प्लग पिस्टनच्या बरोबर वर नसतो.

इंजिन नंबर वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या पुढच्या वरच्या कडेला शोधा. रॉकेल आणि पितळी ब्रश वापरा. पॉलिश पेपर लावलात तर नंबर खोडल्याचा संशय येतो. आरसीशी ताडायचा तो ठोकलेला नंबर. ब्लॉकवर उठून दिसणारे आकडे ओतकामाचे, ते सोडून द्या. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली लागते. आरसीत इंजिनबदल चढवलेला असेल तर गाडी रस्त्यावर चालेल, पण ‘मूळ इंजिन’ म्हणता येणार नाही. आमचं मत विचाराल तर हरिकेन मिळेपर्यंत या इंजिनावर रिबोअरचा खर्च करू नका.

आता गिअरबॉक्स. चांगली गोष्ट अशी की चपट्या आणि हरिकेन दोन्ही इंजिनांना एकच बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण) चालतं, तेव्हा आज जुळवलेलं वाया जाणार नाही. तुमचा डबा टी-८४ (लष्करी जीपचा) की टी-९० (नंतरच्या सीजेचा), हे टेबलावरच कळतं. दोन्ही शाफ्टांवर खडूची खूण करा, पहिला गिअर टाका आणि इंजिनाकडचा शाफ्ट १४ फेरे फिरवा. मागचा बरोबर ५ फेऱ्यांवर थांबला तर टी-९०. पाव फेरा पुढे गेला तर टी-८४. तुम्हाला टी-९० हवा.

मग क्लच प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) घालून बघा : हातानं सहज सरकावी, डगमगू नये. शाफ्टचं टोक क्रँकच्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणाऱ्या छोट्या बुशमध्ये) पूर्ण शिरतं का, तेही बघा. ट्रक-वॅगनच्या डब्यांत शाफ्टची लांबी वेगळी सापडते. बोल्ट आवळून डबा ओढून बसवायचा प्रयत्न झाला की प्लेटचा हब गेलाच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त फसगत ट्रान्सफर केसपाशी होते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपाशी. टी-९० च्या मागच्या शाफ्टवरचं दातेरी चाक जुन्या घडणीत २६ दात्यांचं, नंतर २९ चं. केसचं भोकही त्याप्रमाणे साधारण ८० किंवा १०२ मिमी. चाक, केस आणि केसमधलं मधलं चाक एकाच घडणीचं हवं. ‘बसून जाईल’ म्हणण्याआधी मिस्त्रींना दाते मोजायला सांगा.

शेवटचं माप बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाचं. क्रँकवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळी माप) लावून फिरवा, ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक नको. मकरपुरा जीआयडीसीत हे करून देणारं वर्कशॉप मिळेल. फरक जास्त असेल तर शाफ्ट तिरका चालतो, पायलट बुश झिजतं आणि चालत्या गाडीत गिअर सुटतो.

प्रश्न : टी-९० चा दुसरा गिअर उतारावर सुटतो. तेल घट्ट घालावं का?

उत्तर : नको, तेलानं फरक पडणार नाही. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग), गिअर सरकवणारा फोर्क, गिअर जागेवर धरणाऱ्या डिटेंटच्या स्प्रिंगा आणि मेनशाफ्टचा पुढे-मागे खेळ तपासा. तेल ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो खातात. गिअरबॉक्सला साधारण ०.७ लिटर, ट्रान्सफर केसला १.५ लिटर. गिअरबॉक्समधलं घटून केसमधलं वाढत असेल तर मधलं सील गेलंय. ते बदलेपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन्ही फिलर प्लग उघडून पातळी बघा.