वाचकांचे प्रश्न : आमदारांची चिठ्ठी आणि लसीचे कार्ड

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळ एल्क ग्रोव्ह येथे राहायला गेले. नातवाचा जन्म पुण्याचा. त्याच्या सगळ्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात वेळच्या वेळी झाल्या असून माता बाल संरक्षण कार्डावर तशा नोंदी आहेत (छायाप्रत सोबत पाठवीत आहे). तरीही तिथल्या शाळेने लसीकरण अपुरे असल्याचे सांगून प्रवेश थांबवला. शेजाऱ्यांकडून कळले, की हा कडक कायदा रिचर्ड पॅन नावाच्या एका डॉक्टर आमदाराने केला आणि तो त्याच भागातून निवडून येत असे. असा माणूस आपल्या मतदारांची कामे तरी करत असेल का? आपल्याकडे आमदारांची चिठ्ठी नेली, की शाळा निदान ऐकून घेते. मुलीने तिथल्या आमदाराकडे जावे का?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आधी कार्डाचे पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या नातवाला नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाचा असताना 'एमआर' दिल्याची नोंद आहे. ही गोवर आणि रुबेलाची लस. तिच्यात गालगुंड नाही. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनच्या प्रवेशासाठी गोवर आणि गालगुंड या दोन्हींच्या दोन-दोन मात्रा लागतात आणि त्या पहिल्या वाढदिवसानंतरच्याच असाव्या लागतात, त्यामुळे नवव्या महिन्याची मात्रा हिशेबात धरली जात नाही. कांजिण्यांच्या लसीच्याही दोन मात्रा लागतात. ती आपल्या सरकारी वेळापत्रकातच नसल्याने या कार्डावर तिची नोंद असण्याचा प्रश्न येत नाही. पोलिओची गोष्ट आणखी निराळी आहे. एप्रिल २०१६ मध्ये जगभर तोंडावाटे द्यायच्या लसीतून पोलिओ विषाणूचा दुसरा प्रकार वगळण्यात आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून पुढे दिलेले थेंब तिथे ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे दर पल्स पोलिओच्या रविवारी आपण नातवाला कडेवर घेऊन बूथवर गेलात, त्याच्या करंगळीला शाई लावून घेतलीत, ते सारे तिथल्या नोंदीपुरते शून्य. उलट बीसीजीचा दंडावरचा व्रण, जो आपल्याकडे लसीकरणाची खूण म्हणून जन्मभर राहतो, तो तिथली शाळा विचारतही नाही.

तेव्हा आपल्या दवाखान्याने काही चुकवले नाही आणि शाळाही आडमुठेपणा करत नाही. दोन देशांची वेळापत्रके वेगळी आहेत, एवढेच. मुलीने कार्ड घेऊन तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे. पोलिओच्या इंजेक्शनांपैकी काय मोजायचे हे ते ठरवतील आणि राहिलेल्या मात्रांचे वेळापत्रक आखून देतील. आज देय असलेल्या मात्रा घेऊन झाल्या आणि पुढची मात्रा ठरावीक अंतराशिवाय देता येत नसेल, तर मूल सशर्त प्रवेशावर शाळेत बसू शकते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीच्या (एमएमआर) दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे आणि या वयाच्या मुलाच्या कांजिण्यांच्या दोन मात्रांमध्ये तीन महिने जावे लागतात. त्या काळात नातू घरी बसून राहण्याचे कारण नाही.

आता रिचर्ड पॅन यांच्याविषयी. ते बालरोगतज्ज्ञ आहेत. २०१० साली ते राज्याच्या असेम्ब्लीत आणि २०१४ साली सिनेटमध्ये निवडून गेले. हे सिनेट म्हणजे आपल्या विधान परिषदेसारखे नव्हे. तिथले चाळीसही सदस्य थेट जनतेतून निवडले जातात आणि एकेकाच्या वाट्याला जवळजवळ दहा लाख लोक येतात. पॅन यांचा लसीविषयीचा पहिला कायदा २०१२ सालचा असून तो सौम्य होता : पालकांना वैयक्तिक मतामुळे लस नको असेल, तर आधी एखाद्या आरोग्य व्यावसायिकाशी बोलून त्याची सही आणावी. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली आणि एकट्या कॅलिफोर्नियात शंभरावर रुग्ण सापडले, तेव्हा त्यांनी बेन ॲलन या सहकाऱ्यासह 'एसबी २७७' हे विधेयक आणले. त्यावर ३० जून २०१५ रोजी राज्यपाल जेरी ब्राउन यांची सही झाली. धार्मिक असो वा वैयक्तिक, मताच्या आधारे मिळणारी सूट त्याने रद्द केली. वैद्यकीय कारणाची सूट तेवढी राहिली. घरीच शिकणाऱ्या मुलांना हा नियम लागू नाही. त्या वेळी अशी सूट न देणारी राज्ये मिसिसिपी आणि वेस्ट व्हर्जिनिया ही दोनच होती.

पॅन यांचा मुद्दा असा, की वर्गात एखादे मूल रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत असेल, तर त्याला गोवराची लस देताच येत नाही. त्याचे रक्षण बाकीच्या मुलांच्या दंडावर अवलंबून असते. लस न देण्याचा पालकांचा हक्क मान्य केला, तरी तो हक्क घेऊन सार्वजनिक शाळेच्या वर्गात बसता येणार नाही. मला हा युक्तिवाद पटतो, कारण गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगात ९५ टक्क्यांच्या खाली लसीकरण गेले, की साथीला वाट मिळते. २०१४-१५ मध्ये किंडरगार्टनमधील ९०.४ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होते. २०१६-१७ मध्ये ते ९५.६ टक्क्यांवर गेले. पुढे काही डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने लसीतून सूट देणारी प्रमाणपत्रे सढळ हाताने वाटायला सुरुवात केली, म्हणून २०१९ साली आणखी एक कायदा आला. वर्षात पाच किंवा त्याहून अधिक अशा सवलती लिहून देणाऱ्या डॉक्टरांची प्रमाणपत्रे राज्याचा आरोग्य विभाग आता तपासतो. याची किंमत पॅन यांनी मोजली. ऑगस्ट २०१९ मध्ये विधिमंडळाजवळच्या रस्त्यावर एका विरोधकाने त्यांना मागून ढकलले आणि ते समाजमाध्यमावर थेट दाखवले. पुढच्याच महिन्यात प्रेक्षक-सज्जातून सदस्यांच्या अंगावर रक्त फेकण्यात आले.

असा माणूस मतदारांची कामे करतो का, या प्रश्नामागचा संशय मी समजू शकतो. पण तिथली रचना अशी आहे, की आमदाराचे मत आणि त्याच्या कार्यालयाचे काम या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या राहतात. प्रत्येक सदस्याचे एक कार्यालय राजधानीत आणि एक मतदारसंघात असते. मतदारसंघातील कार्यालयात पगारी कर्मचारी बसतात आणि राज्य शासनाच्या खात्यांत अडकलेली प्रकरणे पाहतात : वाहन परवाना, मेडी-कॅल ही आरोग्य योजना, बेकारी भत्ता. २०२० मध्ये टाळेबंदीत बेकारी भत्त्याचे लाखो अर्ज तुंबले, तेव्हा राज्यभरातील आमदारांच्या कार्यालयांतले फोन दिवसदिवस त्याच कामात अडकले होते. त्यासाठी पक्ष विचारत नाहीत, नागरिकत्वही विचारत नाहीत. मतदारसंघात राहणारा, एवढी ओळख पुरते. मात्र खात्याकडे आपली माहिती मागण्याची लेखी संमती द्यावी लागते. व्हिसाचे काम असेल, तर ते केंद्राचे असल्याने वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहातील सदस्याकडे जावे लागते. त्यासाठी राज्याच्या आमदाराकडे जाण्याची चूक आपली माणसे हटकून करतात.

पॅन आता त्या जागेवर नाहीत. सिनेटमध्ये त्यांना दोनच कार्यकाळांची मर्यादा असल्याने ते २०२२ अखेर पायउतार झाले. मुलीने सध्याच्या सदस्याच्या कार्यालयात फोन करण्यास हरकत नाही, पण चिठ्ठीची अपेक्षा ठेवून नव्हे. सशर्त प्रवेशाचा नियम शाळा पाळत नसेल, किंवा विमा नसताना लस कुठे मिळेल हे कळत नसेल, तर ते कार्यालय योग्य माणसाशी गाठ घालून देईल. कार्डावर नसलेली मात्रा मात्र तिथला कोणताही आमदार लिहून देऊ शकत नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्याकडच्यांनीही देऊ नये.

प्रश्न : कोविडच्या वेळी मुंबईत दोन मात्रा झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. मी तेव्हा रोज बदलापूरहून येत असे. लस मी घेतली, पण सक्ती मला आजही खटकते. पॅन यांच्यासारख्यांनी कोविडची लसही शाळेत सक्तीची केली का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : प्रयत्न केला, पण झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी तसे विधेयक मांडले आणि एप्रिलमध्ये स्वतःच बाजूला ठेवले. मुलांना लस सहज मिळण्याची सोय आधी व्हावी, सक्तीचे नंतर पाहू, अशी भूमिका त्यांनी घेतली. राज्यपाल न्यूसम यांनी जाहीर केलेली शाळांतील सक्तीही पुढे अमलात आली नाही.

आपल्याला जे खटकते, त्याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल प्रकरणात दिले आहे. न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने म्हटले, की कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग अधिक पसरतो असे दाखवणारी माहिती सरकारने पुढे ठेवली नव्हती, म्हणून त्या वेळचे निर्बंध न्यायालयाला प्रमाणात वाटले नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली होती; तेव्हाही लस नाकारणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या पाद्र्याला शिक्षा झाली ती पाच डॉलर दंडाची, त्याला धरून टोचण्याची नव्हे. गोवराची लस संसर्गाची साखळी तोडते, कोविडची लस प्रामुख्याने गंभीर आजारापासून वाचवते. त्यामुळे पहिल्या सक्तीचे समर्थन करणाऱ्याने दुसरीबाबत हात आखडता घेतला, तर त्यात विसंगती शोधण्याचे कारण मला दिसत नाही.