कसारा घाट चढताना यामाहा आर१५ बाईकच्या इंजिनचा आरपीएम (फेरे) वाढतो, वेग मात्र वाढत नाही. क्लच प्लेट गेल्या का?

लक्षण क्लच स्लिपचंच आहे, म्हणजे प्लेट घसरतात आणि इंजिनची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही, पण लगेच प्लेट बदलायला टाकू नका. आधी क्लच लिव्हरचा फ्री प्ले बघा. टोकाला साधारण १० ते १५ मिमी ढिलाई हवी. केबल ताठ असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट घासतात. ॲडजस्टर फिरवून पाच मिनिटांत सुटतं, पैसे शून्य.

मग ऑइल. शेवटचं कुणी, कुठलं टाकलं? क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यामुळे प्लेट पकडच घेत नाहीत. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (असं ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचला चालणाऱ्या बाईक ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. माझ्या गाडीत नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिकने ‘सगळं सारखंच असतं हो’ म्हणत कारचं ऑइल ओतलं होतं. दोनदा ऑइल बदलल्यावर गाडी ताळ्यावर आली.

हे दोन्ही ठीक असूनही स्लिप होत असेल, तर मात्र क्लच उघडाच. प्लेटची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजायला सांगा, नुसतं डोळ्यांनी बघून निकाल नको. जळका वास येत असेल तर तोवर घाट बंद.

आणि हो, मुंबई नाक्याच्या गर्दीत दोन बोटं सतत लिव्हरवर ठेवायची सवय असेल, तर ती सोडा. सिग्नलला न्यूट्रल करा.