काट्यावरची नोकरी आणि प्रभूची सेवा

मिरज

प्रिय मुला,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरावे असे तुझ्या मनाने घेतले आहे, आणि त्यासाठी तू ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा दाखला दिला आहेस. 1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, हे खरेच. परंतु त्यांचा बाप्तिस्मा 1895 मधला आहे, याकडे तुझे लक्ष गेलेले दिसत नाही. मधली बावीस वर्षे त्यांनी शिकवण्यात, उपदेशात आणि गीते रचण्यात घालवली होती. तुला या नोकरीत अजून दुसरा गळीत हंगामही पुरा झालेला नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना नोकरी सोडून रानात चला असे सांगत नाही. नेमून दिल्यापेक्षा अधिक वसूल करू नका, दांडगाईने पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. मत्तयाला मात्र प्रभूने जकातीच्या नाक्यावरून उठवून नेले, हेही मी विसरलेलो नाही. कोणाला उठवायचे आणि कोणाला तेथेच ठेवायचे हे प्रभू ठरवतो. नोकरीचा कंटाळा आला म्हणजे पाचारण झाले, असे समजू नये.

आता तुझ्या काट्याविषयी. खरी तागडी आणि खरी वजने ठेवा, ही आज्ञा बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ती पुन्हा येते, आणि खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे सांगतात. आपल्या भागात काटामारी हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी किती सहज येतो, हे तुला मी सांगायला नको. ज्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल तुझ्यासमोरच्या आकड्यावर ठरते, तो शेतकरी रात्रभर ट्रॅक्टरच्या रांगेत जागा असतो. त्याला भरल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देणे, पावती तेथल्या तेथे हातात देणे, त्याने पुन्हा विचारले तरी न खेकसता सांगणे, ही तुझी उपासना आहे, आणि ती रविवारच्या उपासनेइतकीच देवासमोर चाललेली असते. रांगेत अडकलेल्या माणसाला पत्रके वाटून सुवार्ता सांगण्याचा तुझा विचार मला पटला नाही. जो उठून जाऊ शकत नाही त्याला श्रोता करणे बरे नव्हे. त्याने आपणहून विचारले तर मात्र संकोच करू नकोस.

वजन कमी दाखव असे वरून कोणी सुचवले तर काय करावे, हे तू आडून विचारले आहेस. आरडाओरडा करू नकोस. तसा आदेश लेखी माग. तो बहुधा मिळणारच नाही. मग नम्रपणे पण स्पष्ट नकार दे आणि वरिष्ठांच्या कानावर घाल. दानिएलाच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना ती सापडली नाही. म्हणून त्यांना त्याच्या प्रार्थनेवर घसरावे लागले. तुझी नोंदवही तितकी स्वच्छ असू दे. एवढे करूनही नोकरी गेली तर जाऊ दे. नोकरी अशा कारणाने सुटली, तर ती प्रभूसाठी सोडली असे म्हणण्यात काही अर्थ आहे.

आमच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही आहे. परंतु ज्यांनी तेथे हत्यारे उकळली, केसपेपर लिहिले आणि रात्री बेडपॅन उचलले, त्यांच्या नावाच्या वाड्या झाल्या नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी सेवा हा शब्द स्वतःविषयी कधी उच्चारलाही नसेल. मंडळीत व्यासपीठावरच्या माणसालाच सेवक म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मला मुळीच आवडत नाही.

हंगामात पाळीमुळे रविवार चुकतो, हे मान्य. पण सहकाऱ्याशी पाळी बदलून महिन्यातला प्रभुभोजनाचा रविवार तरी सांभाळ, आणि कामावर जाण्यापूर्वी एक स्तोत्र वाचून प्रार्थना कर. दशांशाविषयी, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याविषयी, तुझ्या आईने शिकवलेच आहे. नाताळ हंगामाच्या भरातच येतो. तेव्हा कॅरलची फेरी नेहमीच्या घरांपुरती न ठेवता तरुण संघातील दोघा-तिघांना घेऊन ऊसतोड मजुरांच्या खोपींवर जा. बीडकडून आलेल्या त्या कुटुंबांत तापाने फणफणलेले एखादे मूल हमखास असते, म्हणून गाण्याआधी त्याला दवाखान्यात नेण्याची सोय पाहा.

बायबल शाळेचा अर्ज फाडू नकोस. हंगाम संपला की एप्रिलमध्ये इकडे ये. मी पाळकसाहेबांशी तुझी गाठ घालून देतो. ते तुझ्या कामाविषयी विचारतील, तेव्हा काट्यावरच्या वरिष्ठांचे दोन ओळींचे पत्र सोबत असलेले बरे.

तुझा,
मंडळीतील एक वडील