अमेरिकेत विमा असूनही लोक दवाखान्याच्या बिलांना एवढे का वैतागतात?

तुम्ही विचारलंय की कंपनी विमा देते, पगारातून दर महिन्याला हप्ताही कापला जातो, मग अमेरिकेतले लोक दवाखान्याचं नाव काढलं की एवढे का वैतागतात. बायको-मुलीला घेऊन तुम्ही लवकरच इकडे येताय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी अकरा वर्षं न्यू जर्सीत राहते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री अडीच वाजता नवऱ्याच्या कमरेतून कळ निघाली. घाम, उलट्या, उभं राहता येईना. माझ्या वडिलांना मुतखड्याचा त्रास होता, त्यामुळे काय असणार ते मला कळलं होतं. तरी पहिली वीस मिनिटं मी काय केलं? तो बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलाय आणि मी फोनवर शोधतेय, जवळचं कुठलं रुग्णालय आमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी दर ठरवून करार केलेल्या रुग्णालयांत, आहे. ती वीस मिनिटं मला अजून सलतात. त्याची गरजच नव्हती. 2022 पासून इथे 'नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट' लागू आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात गेलात तरी तुमच्या वाट्याची रक्कम नेटवर्कमधल्या हिशेबानेच घ्यावी लागते. रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सला मात्र हा कायदा लागू नाही, तेवढं लक्षात ठेवा.

उपचारांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. सलाइन, वेदनाशामक इंजेक्शन, सीटी स्कॅन, सगळं वेळेवर झालं. पैसे नसलेल्या माणसालाही इमर्जन्सीतून न तपासता परत पाठवता येत नाही, तसा 1986 पासून कायदा आहे. पण स्कॅनच्या आधी मी नर्सला विचारलं, "याला साधारण किती खर्च येईल?" ती खरंच चांगली बाई होती. म्हणाली, ते मलाही माहीत नाही आणि इथे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. एकाच स्कॅनचा दर प्रत्येक विमा कंपनीशी वेगळा ठरलेला असतो. आधी उपचार होतात आणि किंमत काही आठवड्यांनी टपालाने येते.

आली तीही एका पाकिटात नाही. रुग्णालयाचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, आणि ज्यांचं तोंडही आम्ही पाहिलं नाही त्या स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं आणखी वेगळं. शिवाय विमा कंपनी किती देणार आणि तुमच्या वाट्याला किती, याचा हिशेब सांगणारा तिचा एक कागद येतो, त्याला सगळे इओबी (एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स) म्हणतात. त्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. रुग्णालयाची मूळ आकारणी होती 11,400 डॉलर. विमा कंपनीशी ठरलेला दर 3,900. आमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, 3,000 होतं आणि नवं वर्ष नुकतंच सुरू झाल्यामुळे ते सगळं शिल्लक होतं. त्यापुढच्या खर्चातला आमचा हिस्सा 20 टक्के, म्हणून उरलेल्या 900 चे 20 टक्के धरून आमच्या वाट्याला 3,180 डॉलर. हप्ते भरत असताना.

पण हा हिशेब आम्हाला जूनमध्ये कळला. त्याआधी आलं होतं नकाराचं पत्र आणि पूर्ण 11,400 चं बिल. कारण शोधायला मला सात फोन लागले. त्या रात्री फॉर्म भरताना मी नवऱ्याची जन्मतारीख आपल्या सवयीने आधी दिवस, मग महिना अशी लिहिली. 5 सप्टेंबरचा 9 मे झाला आणि विमा कंपनीच्या नोंदीत असा माणूसच सापडेना. चूक एवढीच. पण विमा कंपनी म्हणे, रुग्णालयाने क्लेम दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. रुग्णालय म्हणे, आम्ही पाठवलाय, विमा कंपनीला विचारा. चाळीस-चाळीस मिनिटं होल्डवर, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा. खडा पडून गेला तरी नवरा टपालपेटी उघडायला घाबरायचा. मध्येच बिल वसुलीला देऊ असंही पत्र आलं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. पैसे जातातच, पण दोन कार्यालयांमधले निरोप पोचवण्याचं काम आजारी माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या गळ्यात पडतं. ज्याला इंग्रजी येत नाही, दिवसा कामावरून फोन करता येत नाही, त्याने काय करायचं, हा विचार मला त्या महिन्यांत रोज यायचा.

शेवटी सुटलं कसं, तर मी विमा कंपनीच्या बाईंना लाइनवर थांबवून रुग्णालयाच्या बिलिंगला त्याच कॉलमध्ये जोडून घ्यायला लावलं. दोघं एकमेकांशी अकरा मिनिटं बोलले आणि चार महिन्यांचा घोळ मिटला.

म्हणून आल्या दिवसापासून एक वही ठेवा. कुणाशी बोललात, तारीख, कॉलचा रेफरन्स नंबर. इओबी येईपर्यंत बिल भरू नका, दोन्हींतले आकडे जुळले पाहिजेत. रुग्णालयाकडून बाबवार बिल मागा, प्रत्येक गोष्टीच्या कोडसकट. विमा नाकारला तर तिथेच सोडू नका. साधारणपणे 180 दिवसांत अपील करता येतं, आणि उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा नव्हता अशा कारणाने नाकारलं असेल तर पुढे विमा कंपनीबाहेरच्या त्रयस्थाकडून तपासणीसाठीही जाता येतं. ना-नफा रुग्णालयांना कायद्याने सवलतीची योजना ठेवावीच लागते. पहिल्या बिलापासून 240 दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. आपली माणसं हे विचारायला लाजतात. लाजू नका.

आणखी एक. इथे विमा नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं होती, तेव्हा मालकांनी विमा देऊन माणसं टिकवली, आणि ती पद्धत पुढे पक्की झाली. नोकरी गेली तर 'कोब्रा' कायद्याने साधारण 18 महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हिस्साही तुम्हीच भरायचा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर त्याच वेळी नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यामुळे त्या काळात विम्याचे पूर्ण हप्ते भरता येतील एवढी रक्कम हाताशी बाजूला ठेवाच.

कंपनीकडून विम्याच्या प्लॅनचे पर्याय आले की प्रत्येकाचं डिडक्टिबल आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, हे दोन आकडे इथे खाली लिहा. मुलीचं वय किती तेही. मी बघून सांगते.