मुंबई विमानतळ १०० टक्के हरित विजेवर चालतो, मग त्याचं प्रदूषण संपलं का?
नाही. २०२२ पासून तिथली वीज मुख्यतः जल आणि पवनऊर्जेची, थोडी सौर पॅनेलची आहे, हे खरं; पण मोठ्या विमानतळाशी जोडलेलं बहुतेक कार्बन उत्सर्जन विमानांच्या इंधनाचं असतं आणि ते विजेच्या हिशेबात येतच नाही. विमानतळाच्या हातातले त्यातल्या त्यात चांगले उपाय:

- उभ्या विमानाला गेटवरूनच वीज आणि थंड हवा देणं. मग शेपटीतलं छोटं इंजिन बंद ठेवता येतं. तेही जेट इंधनच जाळतं.
- विमान इंजिनं बंद ठेवून धावपट्टीपर्यंत ओढत नेणं. दिल्लीत टॅक्सीबॉट नावाची ओढगाडी हेच करते.

मात्र मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरावी लागते. त्यामुळे गर्दीत विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, आणि तेव्हा जळणारं इंधन या उपायांनी वाचत नाही.