बोर्ड गेमचे मित्र वेगळे, पत्त्यांचे वेगळे, ट्रेकचे वेगळे. सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप करावा का?

नाही. करू नका.

तुम्ही लिहिलंय की शनिवारी बोर्ड गेम एका टोळक्याबरोबर, पत्ते दुसऱ्यांबरोबर आणि पावसाळ्यात ट्रेक तिसऱ्यांबरोबर, आणि ह्यातलं कोणी कोणाला ओळखतही नाही. इथवर वाचून मी पुढे गेलो असतो. पण शेवटी तुम्ही विचारलंय, ‘खरे मित्र असे वाटून ठेवलेले असतात का?’ त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय. जवळपास ह्याच शब्दांत हे मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकवलं गेलं होतं, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो.

माझं वय ५४, राहतो बदलापूरला, नोकरी फोर्टात. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. फास्ट असली तरी सव्वा तास कुठे गेला नाही, आणि कुर्ल्याच्या आसपास गाडी रखडली तर दीड. एवढ्या वेळात मेंढीकोट ह्या चौघांच्या पत्त्यांच्या खेळाचे आठ-दहा डाव होतात. मी २००६ पासून त्याच डब्यात, त्याच खिडकीजवळ, त्याच माणसांबरोबर खेळतोय. पैसे कधीच लावले नाहीत. आम्ही एकमेकांना आडनावाने हाक मारत नाही. माझे भिडू म्हणजे अंबरनाथवाले, जे सकाळी उलटे बदलापूरला येऊन जागेवर बसतात. समोर वांगणीवाले आणि ब्रीफकेसवाले. ब्रीफकेसवाल्यांच्या त्या काळ्या ब्रीफकेसमध्ये डबा, छत्री आणि पत्त्यांचा कॅट ह्याशिवाय काही नसतं. ती येते ती चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवायला. तिचं वरचं कातडं मधोमध, जिथे पानं पडतात तिथे, घासून पांढरं झालंय.

दुसरीकडे माझी भाची ठाण्यात राहते. २०१६ साली तिने मला पहिल्यांदा कॅटान हा बोर्ड गेम खेळायला बसवलं आणि मला ते मनापासून आवडलं. तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार मी तिच्याकडे असतो. सगळी पंचविशी-तिशीतली मुलं, सगळी मला मामा म्हणतात. आणि तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याबरोबर पावसाळ्यात दोन तरी ट्रेक होतात, बहुतेक वेळा चंदेरीच्या बाजूला, कारण तो डोंगर आमच्या दारातच आहे.

तर २०१८च्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी तुमच्या मनात आहे तेच केलं. सगळ्यांना घरी बोलावलं. गाडीतले तिघं, भाची आणि तिचे दोघं, शाळेतला मित्र आणि मी, असे आठजण. बायको म्हणाली होती, ‘जेवायला बोलवा, गप्पा मारा, खेळ नको.’ मी ऐकलं नाही. मला वाटायचं की खेळ आवडणारी माणसं म्हणजे सगळी एकाच जातकुळीची, टेबलावर काहीतरी मांडलं की आपोआप जमेल.

कॅटान चौघांचा खेळ. आठजण, म्हणून जोड्या केल्या. ओळखी व्हाव्यात म्हणून भाचीने जोड्या मुद्दाम फोडल्या. अंबरनाथवाले आणि शाळेतला मित्र एकत्र आले.

पहिला घोळ शब्दावरून झाला. कॅटानमध्ये लाकूड, वीट, गहू, खनिज आणि लोकर अशी पाच प्रकारची पानं असतात. लोकरीच्या पानावर मेंढीचं चित्र, त्यामुळे सगळे मेंढीच म्हणतात. आमच्याकडे मेंढीकोटात मेंढी म्हणजे दश्शी, दहाचं पान! जिच्यासाठी अख्खा डाव लढायचा ती. भाचीचा मित्र ‘मेंढ्या नकोत, खूप झाल्यात’ म्हणाला तेव्हा गाडीतल्या तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. ‘चारही हातात आल्या की काय?’ वांगणीवाल्यांनी विचारलं. सगळे हसले. मलाही वाटलं, जमतंय.

मग तो मुलगा अंबरनाथवाल्यांना म्हणाला, ‘काका, दोन मेंढ्या द्या. आत्ता एक लाकूड देतो, आणि पुढच्या फेरीत वर एक वीट.’ त्यांनी लगेच पानं काढून दिली. पुढची फेरी आली. मुलाच्या हातात वीट होती. त्याने ती दिली नाही. त्या विटेचा त्याने रस्ता बांधला, आणि तोही नेमका ह्यांची वाट अडेल असा.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढे देईन म्हणून दिलेला शब्द कॅटानमध्ये नियमाने बांधून ठेवत नाही. सौदा तेवढाच, जो त्या क्षणी पानं बदलून पुरा होतो. भाचीच्या कंपूत ह्याच्यावर आरडाओरडा होतो, पुढच्या वेळी त्याच्याशी कोणी व्यवहार करत नाही, आणि त्यातच मजा असते. पण अंबरनाथवाल्यांनी हातातली पानं एकावर एक नीट जुळवली, कडा सारख्या केल्या आणि टेबलावर पालथी ठेवली. ‘शब्द दिला होता ना?’ एवढंच विचारलं. मुलगा म्हणाला, ‘काका, गेम आहे.’ माझा शाळेतला मित्र मोठ्याने हसला. म्हणाला, ‘अहो, हे पत्ते नव्हेत. इथे डोकं लागतं.’

त्यानंतर अर्धा तास अंबरनाथवाले बसून होते, पण खेळले नाहीत. फासे पुढे आले की टाकायचे आणि बाजूला सारायचे. चहा झाल्यावर तिघंही गाडीची वेळ सांगून निघाले. रविवारी त्यांना कुठली गाडी गाठायची होती?

ते तिघं निघाल्यावर शाळेतला मित्र स्वयंपाकघरात आला आणि मला म्हणाला, ‘ही तुझी गाडीतली माणसं गाडीपुरती. उद्या ऑफिस बदललं की संपलं सगळं. तू प्रत्येक गोष्टीला वेगळं माणूस ठेवलंयस. खरे मित्र असे वाटून ठेवलेले नसतात.’

मी भांडी उचलत राहिलो. उत्तर सुचलं नाही. आता देतो.

कुठलाही खेळ खेळणारा कंपू म्हणजे त्या खेळाची रीत असते. मेंढीकोटात बोलणं ही बेइमानी आहे. भिडूकडे दश्शी आहे की नाही हे विचारायचं नाही, खाकरायचं नाही, भुवई उचलायची नाही. तो कुठल्या पत्त्यावर थांबला, कुठलं पान सहज टाकलं, एवढ्यावरून ओळखायचं. बारा वर्षं मी अंबरनाथवाल्यांना असंच ओळखत आलो होतो. ते इस्पिक आधी उतरायला लागले की घरी काहीतरी बिनसलंय, हे मला कळायचं आणि मी विचारायचो नाही. कॅटानमध्ये ह्याच्या बरोबर उलटं. तिथे तोंड उघडलं नाही तर हरलातच, कारण पाचही प्रकारचा माल एकट्याच्या जमिनीत सहसा पिकतच नाही. गळ घालायची, भाव करायचा, शेजाऱ्याला दुसऱ्याविरुद्ध भडकवायचं. दोन्ही रीती मला प्रिय आहेत. पण एका टेबलावर बसवल्या की एका कंपूला दुसरा लबाड वाटतो आणि दुसऱ्याला पहिला खडूस. त्या दिवशी कोणीच वाईट वागलं नाही. माझा मित्र सोडून.

ऑफिस बदललं की संपलं, असं तो म्हणाला होता. ऑफिस बदललं नाही, गाडीच बंद झाली. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. जूनमध्ये पुन्हा सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी आणि आमच्यातलं कोणी त्यात बसत नव्हतं. दोन डोस झालेल्यांना मुभा मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. जवळजवळ सतरा महिने! एवढ्या काळात मी अंबरनाथवाल्यांना एकही फोन केला नाही आणि त्यांनीही मला केला नाही. खरं सांगतो, आमच्यात ती पद्धतच नव्हती. शाळेतल्या मित्राशी मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा.

त्या आठवड्यात मी पास काढून फलाटावर गेलो. आमच्या डब्याची जागा मला फरशीवरूनच कळते, तिथे पाण्याच्या नळाशेजारी एक लादी उखडलेली आहे. लोकल शिरली. दाराजवळ चढलो आणि आत पाहिलं तर अंबरनाथवाले खिडकीशी बसलेले, मास्क लावून, शेजारची जागा रुमाल टाकून धरलेली. मी बसलो. त्यांनी कसं काय विचारलं नाही, घरचं विचारलं नाही. म्हणाले, ‘किलवरचा राजा माझा होता. एक्का आधीच उतरला होता, हात आपलाच होता. मग हुकूम का मारलास?’

मार्चमधल्या शेवटच्या डावाबद्दल विचारत होते ते. सतरा महिने त्यांनी तो डाव डोक्यात ठेवला होता. आणि मलाही तो पानापानासकट आठवत होता. मी म्हटलं, ‘मला वाटलं एक्का अजून बाहेर आहे.’ ते म्हणाले, ‘दुसऱ्याच हाताला गेला होता.’ तेवढ्यात ब्रीफकेसवाले आले, ब्रीफकेस आडवी झाली. वांगणीवाले मधल्या काळात निवृत्त होऊन कोकणात गेले, त्यांच्या जागी उल्हासनगरला चढणाऱ्या एका पोराला उभ्या उभ्या खेळ शिकवला. आता तोही पक्का झालाय.

गाडीपुरती माणसं म्हणायचं असेल तर म्हणा. मला ह्यापेक्षा पक्की मैत्री माहीत नाही. ज्या माणसाला तुमचा चुकलेला हुकूम सतरा महिने आठवतो त्याला तुम्ही ‘खेळापुरता मित्र’ कसं म्हणणार? तुमच्या घरचं माहीत असणं, लग्नकार्याला येणं, आजारपणात डबा देणं हे सगळं मोलाचंच आहे. पण एखाद्याचं डोकं कसं चालतं हे रोज सव्वा तास जवळून पाहणं, हीसुद्धा ओळखच आहे, आणि ती अर्धी नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एकच ग्रुप करू नका, हे सांगितलं. वेळ कसा पुरवायचा असंही विचारलंय. प्रत्येक कंपूचा दिवस ठरलेला ठेवा आणि एकासाठी दुसऱ्याचा दिवस हलवू नका, एवढंच मी करतो. चौघांच्या खेळात ऐन वेळी न येणाऱ्याइतकं नुकसान कोणीच करत नाही.

एकत्र आणल्याचा एक प्रसंग मात्र जमला, तोही सांगतो. २०२२ मध्ये अंबरनाथवाले एका शनिवारी एकटेच माझ्याबरोबर भाचीकडे आले. मी कॅटान काढूच दिलं नाही. ‘कोडनेम्स’ ह्या शब्द ओळखायच्या खेळाची रीत घेतली, पण डब्यातले इंग्रजी शब्द बाजूला ठेवले आणि आदल्या दिवशी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यावर मराठी शब्द लिहिले. पाच बाय पाचची मांडणी, पंचवीस शब्द. आपल्या संघाचे शब्द कुठले ते फक्त सांगणाऱ्याला माहीत, आणि त्याने एक शब्द व एक आकडा ह्याशिवाय काही बोलायचं नाही. म्हणजे टेबलावर तरुण मंडळी, पण रीत आमच्या मेंढीकोटाची, तोंड बंद.

माझी पाळी आली. माझे उरलेले शब्द होते वडा, घाट आणि इंजिन. मी म्हटलं, ‘कर्जत, तीन.’ वडा सगळ्यांना लगेच कळला. घाटही कळला. तिसऱ्यावर भाची आणि तिची मैत्रीण ‘पाऊस’ की ‘धबधबा’ ह्यावर वाद घालत बसल्या. अंबरनाथवाले पुढे वाकले आणि ‘इंजिन’वर बोट ठेवलं. मुली म्हणाल्या, का? ते म्हणाले, ‘घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात ती कर्जतलाच ना.’ आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, जसं गाडीत पाहत नाहीत. त्या रात्री ते शेवटच्या गाडीपर्यंत थांबले. आता वर्षातून दोनतीनदा येतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही लहान गावात असाल आणि खेळणारी माणसंच मोजून पाच असतील, तर माझं सगळं बोलणं सोडून द्या, त्या पाचांबरोबर मिळेल ते खेळा. पैसे लावणारा कंपू असेल तर तो वेगळा ठेवायचा नाही, सोडायचा. आणि घरच्या माणसाला वाटत असेल की तुमचे सगळे दिवस बाहेरच वाटले गेलेत, तर एक कंपू कमी करा. मी २०१९ मध्ये रविवारचं कॅरम त्यासाठीच सोडलं आणि बायकोबरोबर पत्त्यांतला सात-आठ खेळायला लागलो. दोघांतच होतो, पानंही तीसच लागतात.

शाळेतल्या मित्राबरोबर ह्या जुलैलाही चंदेरीला जाऊन आलो. त्याला कोकिळा, पावशा, सगळे पक्षी आवाजावरून कळतात, चढणीवर माझी पाठपिशवी न सांगता घेतो. तो वाद आम्ही पुन्हा काढलेला नाही. हे उत्तर त्याच्या वाचनात आलं तर यावं.

आणि तुम्हाला अगदीच राहवत नसेल, तर एका कंपूतला एकच माणूस दुसरीकडे न्या, दोन नको. दोघं आले की ते एकमेकांकडे बघत बसतात. निघण्याआधी त्याला नीट सांगा की तिथे बोलून खेळतात की न बोलता, आणि तिथे दिलेला शब्द पाळायचा असतो की नसतो.