वकीलपत्रावर सही करायच्या आधी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. समन्स आलंय, घरातले सगळे हादरलेत आणि मामा म्हणतायत की त्यांच्या ओळखीतले एक मोठे वकील आहेत, उद्याच वकीलपत्र, म्हणजे तुझ्या वतीने कोर्टात उभं राहायचा अधिकार देणारा कागद, सही करून देऊन टाक. थांब जरा. समन्स म्हणजे अटक वॉरंट नाही, तुझ्यावर गुन्हा दाखल झालाय असंही नाही. तुझ्या नवऱ्याने फॅमिली कोर्टात अर्ज केलाय आणि कोर्ट तुला सांगतंय की ये आणि तुझं म्हणणं मांड. पण कपाटात टाकून विसरायचा कागद नाही तो, कारण तारखेला तुझ्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही तर केस एकतर्फी चालते, म्हणजे फक्त त्याचं ऐकून निकाल लागू शकतो.

आधी तो कागद शांतपणे वाच. कोर्टाचं नाव, केस नंबर आणि तारीख, या तीन गोष्टी वहीत उतरवून घे. आपल्या महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात नंबराच्या आधी एक अक्षर असतं, 'ए' असेल तर घटस्फोटासारखा लग्नाबद्दलचा दावा, 'ई' असेल तर पोटगी, 'एफ' असेल तर दोघांच्या संमतीने केलेला अर्ज. मग सोबत पिटिशनची, म्हणजे त्याच्या अर्जाची, कॉपी जोडलीय का बघ आणि त्यात कलम कुठलं लावलंय ते शोध. हिंदू विवाह कायदा 1955 चं कलम 13 असेल तर घटस्फोट मागितलाय. कलम 9 असेल तर उलटंच, तू नांदायला परत यावंस असं त्याचं म्हणणं आहे. आणि कलम 10 म्हणजे न्यायिक विभक्तता, त्यात वेगळं राहता येतं पण लग्न कायम राहतं, दुसरं लग्न करता येत नाही. घरच्यांना हे सगळं एकच वाटतं, नोटीस आली म्हणजे सोडचिठ्ठी झाली! पाकीटही फेकू नकोस, ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेव, कारण कैफियत म्हणजे तुझं लेखी उत्तर द्यायची मुदत साधारण 30 दिवस असते आणि ती तुला समन्स मिळाल्या दिवसापासून मोजतात.

आता वकिलाचं. मामांचे ते वकील मोठे असतील, नाही म्हणत नाही, पण जमिनीच्या केसेसमध्ये मोठे असून तुला काय उपयोग? तुला असा वकील हवाय जो त्याच कोर्टात रोज उभा असतो, ज्याला तिथल्या कौन्सेलरची आणि मेडिएशनची, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोड करायची, पद्धत माहितीय, कारण फॅमिली कोर्ट हे नुसतं भांडायचं कोर्ट नाही, 1984 च्या फॅमिली कोर्ट कायद्यानुसार आधी समेट होतो का हे बघणं हे कोर्टाचं कामच आहे, आणि तुझे पहिले काही महिने बहुतेक त्यातच जातील. त्या कायद्यात असंही आहे की फॅमिली कोर्टात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, घाबरू नकोस. पण यावरून एक कळतं, तिथे तुझी गोष्ट तुलाच बोलावी लागणार आहे, वकिलाच्या मागे लपून चालत नाही.

शोधायचं कसं, तर नेटवरच्या टॉप टेन याद्यांवर मुळीच जाऊ नकोस. बार कौन्सिल या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे जिथे मोठमोठे दावे आणि स्टार दिसतात तिथे मी तरी सावधच राहते. त्यापेक्षा ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी अ‍ॅपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाचं नाव टाक, त्यांच्या नावावर त्या कोर्टात कसल्या केसेस आहेत ते दिसतं. एक सकाळ कोर्टात जाऊन बस, कॉरिडॉरमध्ये कोण आपल्या पक्षकाराला बाजूला घेऊन नीट समजावतंय आणि कोण नुसतं 'पुढची तारीख पडली' म्हणून चालू लागतंय हे तासाभरात कळतं तुला. आत सुनावणी बंद दाराआड असते बऱ्याचदा, पण बाहेरचं बघणंही खूप शिकवतं.

आणि पैशाचं टेन्शन असेल तर हे नीट वाच. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, तिथे तुझं उत्पन्न किती आहे हा प्रश्नच येत नाही. नोकरी करणाऱ्या मुली म्हणतात आम्हाला कसा मिळेल, तर मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं, नाहीतर 15100 वर फोन कर. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील हे लोकांच्या डोक्यातून काढायला मला आयुष्यभर भांडावं लागलंय, त्यातले कितीतरी जण जीव ओतून काम करतात.

पहिल्या भेटीत दोन-तीन गोष्टी थेट विचार, लाजू नकोस. फी ठोक रकमेत की दर तारखेला, पावती मिळेल का, आणि स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागितली तर तिथून उठून ये, ते नियमातच बसत नाही. 'शंभर टक्के जिंकून देतो' म्हणणाऱ्याकडून पण उठून ये. जो तुझ्या केसमधल्या कमकुवत बाजू आधी सांगतो तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. आणि वकीलपत्र दिलं म्हणजे जन्माची गाठ बांधली असं नाही, वकील बदलता येतो, आधीच्या वकिलाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घ्यायची पद्धत आहे, आणि फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच सांगितलंय.

काही शब्द तुझ्या कानावर सतत पडतील. अंतरिम पोटगी म्हणजे केस चालू असताना मिळणारा खर्च, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली, आणि पोटगीचा विषय निघाला की दोघांनाही आपल्या कमाईचं, कर्जाचं, मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते बंधनकारकच आहे. त्यात तू पण काही लपवू नकोस, ट्यूशनचे पैसे येत असतील तर ते लिही, खोटं शपथपत्र उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहणार, आणि भेटीचा हक्क वेगळा, ताबा तुझ्याकडे असला तरी वडिलांची भेट बहुतेक ठरवून दिली जाते, त्याची मनाची तयारी आत्तापासून कर. कौटुंबिक हिंसाचाराची 2005 च्या कायद्याखालची केस मात्र सहसा मॅजिस्ट्रेटकडे जाते, ते कोर्ट वेगळं, म्हणून वकिलाला विचार की दोन्हीकडे काम करता का.

मेडिएशनमध्ये 'संमतीने उरकून टाकू' असं कुणीतरी म्हणेलच. वाईट नाही तो मार्ग, माझ्या मते पुष्कळ जणींसाठी तोच बरा असतो. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम 13-ब खाली निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं, आणि 2017 पासून योग्य केसमध्ये कोर्ट ही मुदत माफही करू शकतं. पण संमतीच्या अटींचा कागद समोर आला की घाई करायची नाही. 'स्त्रीधन मिळालं, यापुढे काही मागणार नाही' अशी एक ओळ त्यात हळूच बसलेली असते आणि दागिने अजून सासरच्या लॉकरमध्ये असतात. दागिने हातात आल्याशिवाय 'मिळालं' असं लिहून द्यायचं नाही, सगळे कितीही कंटाळलेले असू देत. इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हण, कागद घरी नेऊन एक रात्र ठेव.

वकिलाकडे जाताना लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांच्या पगाराचं जे काही हाताशी आहे ते, बँकेची स्टेटमेंट, मुलाच्या शाळेच्या पावत्या घेऊन जा, आणि एका कागदावर तारीखवार काय काय घडलं ते लिही, भावना नकोत त्यात, फक्त काय झालं, कधी, कुणासमोर. ओरिजिनल कुणाकडेही ठेवू नकोस, झेरॉक्सच दे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चिडून डिलीट करू नकोस, त्याचेही आणि तुझेही.

पिटिशनची कॉपी मिळाली की मला फोटो पाठव, कलम कुठलं आहे ते आपण दोघी मिळून बघू, मग मामांशी मी बोलते.

तुझी,
मावशी